पाणी कमी पडलं की अंग का तापतं

उन्हात धावताना पाणी प्यायलं की शरीर थंड होतं, असं आपण सर्रास म्हणतो. म्हणण्यात फारशी चूक नाही, पण त्यातून मनात उभं राहणारं चित्र चुकीचं असतं: तापलेल्या इंजिनावर पाणी ओतलं आणि ते निवलं. हे चित्र आधी आकड्यांवर घासून बघू.

७० किलो वजनाच्या शरीराचं तापमान १ अंश सेल्सियसने वर-खाली व्हायला सुमारे ५८ किलोकॅलरी उष्णता लागते. ४ अंशांचं अर्धा लिटर पाणी प्यायलं, तर ते ३७ अंशांपर्यंत तापताना साडेसोळा किलोकॅलरी शोषून घेतं. म्हणजे फ्रिजमधलं अर्धा लिटर पाणी अंगाला जेमतेम पाव अंशाहून किंचित जास्त निववतं. तेच अर्धा लिटर पाणी घाम होऊन त्वचेवर आलं आणि तिथेच पूर्ण सुकलं, तर सुमारे २९० किलोकॅलरी घेऊन जातं. हिशेब केला तर ५ अंश! पाणी प्यायल्याचा गारवा आणि घाम सुकण्याचा गारवा यांत सतरा-अठरा पटींचा फरक आहे.

आता दुसरी बाजू, उष्णता तयार होण्याची. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात त्यातला साधारण पाव किंवा त्याहून कमी भाग हालचालीसाठी लागतो, उरलेल्याची उष्णता होते. ७० किलोचा माणूस ताशी १० किलोमीटर वेगाने धावला तर तासाला सुमारे ७०० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातली साधारण ५५० किलोकॅलरी निव्वळ उष्णता असते. ही उष्णता अंगातून बाहेर पडलीच नाही असं क्षणभर धरलं, तर तापमान दर सहा-सव्वासहा मिनिटांनी १ अंश चढेल. ३७ वरून ४० ला पोचायला वीस मिनिटंही लागणार नाहीत. प्रत्यक्षात असं होत नाही, कारण घाम सुकत असतो. ५५० किलोकॅलरी बाहेर टाकायला तासाला जवळपास १ लिटर घाम सुकावा लागतो. थंड हवेत बरीच उष्णता वाऱ्याबरोबर आणि प्रारणाने निघून जाते, त्यामुळे घामावर एवढा भार पडत नाही. कडक उन्हात मात्र त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास आणि हवा त्याहून गरम, अशी वेळ येते. मग वारा उष्णता नेण्याऐवजी आणून देतो आणि सगळी मदार घामावर राहते.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचा निष्कर्ष मात्र घाईत काढला जातो: पाणी कमी पडलं की घाम आटतो आणि घाम आटला की ताप चढतो. शरीरात ७० किलोंमागे चाळीसेक लिटर पाणी असतं. दोन लिटर गेलं म्हणून घामग्रंथी कोरड्या पडत नाहीत. डिहायड्रेशनमध्ये माणूस घामाने निथळत असतानाही त्याचं तापमान वाढत असतं. खरी अडचण रक्तात आहे, आणि ती दोन वाटांनी येते.

पहिली वाट रक्ताच्या प्रमाणाची. आतल्या स्नायूंमध्ये तयार झालेली उष्णता त्वचेपर्यंत आपोआप पोचत नाही. ती रक्त वाहून नेतं. घाम त्वचेवर सुकतो, पण त्वचेला गरम रक्ताचा पुरवठा नसेल तर आतली उष्णता आतच राहते. व्यायामात हृदयापुढे एकाच वेळी दोन मागण्या असतात. स्नायूंना ऑक्सिजन हवा आणि त्वचेला उष्णता टाकण्यासाठी रक्त हवं. स्वस्थ पडलेल्या माणसाला खूप तापवलं तर एकट्या त्वचेकडे मिनिटाला ६ ते ८ लिटर रक्त जाऊ शकतं. एरवी विश्रांतीच्या वेळी हृदय सगळ्या शरीराला मिळून मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त पुरवतं. म्हणजे त्वचेची मागणी किती प्रचंड असू शकते बघा. रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, जेमतेम ३ लिटर असतो. घाम तिथूनच निघतो. त्याची भरपाई पेशींमधून आणि पेशींच्या भोवतालच्या द्रवातून होत राहते, पण पूर्ण नाही. प्लाझ्मा घटला की हृदयात परत येणारं रक्त कमी होतं, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं आणि हृदय ठोके वाढवून ती तूट भरून काढायला बघतं.

तूट भरून निघेनाशी झाली की शरीर निवड करतं, आणि त्या निवडीत थंडावा मागे पडतो. रक्तदाब सांभाळणं जास्त तातडीचं असतं, कारण तो पडला तर मेंदूला रक्त मिळत नाही. म्हणून त्वचेतल्या रक्तवाहिन्या जेवढ्या उघडायला हव्यात तेवढ्या उघडत नाहीत. उष्णतेची वाटच अरुंद होते.

दुसरी वाट खारटपणाची. रक्तातल्या द्रवात सोडियमचं प्रमाण लिटरमागे १४० मिलिमोलच्या आसपास असतं. घामात ते माणसागणिक बदलतं, बहुतेकांचं २० ते ८० च्या दरम्यान. घाम जिभेला खारट लागत असला तरी रक्ताच्या मानाने तो पातळच. त्यामुळे घामावाटे मीठ कमी आणि पाणी जास्त जातं, आणि मागे उरलेलं रक्त अधिक दाट, अधिक खारट होतं. हा खारटपणा मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतो. तिथेच तहानेचं केंद्र आहे आणि तिथेच तापमानाचं नियंत्रणही आहे. रक्त खारट झालं की घाम सुरू होण्याची पातळी वर सरकते: एरवी ज्या तापमानाला घाम फुटला असता, त्याहून जास्त तापमान चढल्यावर फुटतो. त्वचेच्या वाहिन्या उघडण्याचंही तसंच. शरीर पाणी राखण्यासाठी थोडा जादा ताप सहन करायला तयार होतं. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे यंत्र बिघडलेलं नसतं. हा शरीराने केलेला सौदा असतो. वाळवंटात सावली शोधत सावकाश चालणाऱ्या प्राण्याला तो परवडतो. शर्यतीतला शेवटचा तास रेटणाऱ्या धावपटूला परवडत नाही.

याचे प्रयोग जुने आहेत. हार्वर्ड फटीग लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात उष्ण खोलीत माणसांना ट्रेडमिलवर तासन्‌तास चालवलं होतं. पाणी न देता चालवलं तेव्हा तापमान चढतच गेलं. तहानेप्रमाणे पिऊ दिलं तेव्हा कमी चढलं. घामाइतकं पाणी मोजून पाजलं तेव्हा सर्वांत कमी. त्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: मोकळीक दिली तर माणूस आपल्या घामाइतकं पाणी आपणहून पीत नाही, पाणी हाताशी असलं तरी.

१९९२ मध्ये माँटेन आणि कॉयल या संशोधकांनी सायकलपटूंना ३३ अंश तापमानात, ५० टक्के आर्द्रतेत दोन तास सायकल चालवायला लावली. चार वेगवेगळ्या दिवशी पाण्याचं प्रमाण वेगळं: काहीच नाही, थोडं, मध्यम आणि भरपूर. दोन तासांअखेर वजनातली घट अनुक्रमे ४.२, ३.४, २.३ आणि १.१ टक्के. आतलं तापमान आणि हृदयाचे ठोके नेमके याच क्रमाने चढलेले होते. ‘अमुक टक्क्यांपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम कोसळतं’ असं काही दिसलं नाही. पायरी नाही, उतरण आहे. वजनात १ टक्का घट झाली की त्याच वेगाला आतलं तापमान साधारण ०.१ ते ०.२ अंशाने जास्त राहतं आणि ठोके मिनिटाला ३ ते ५ ने वाढतात, हा आकडा कामापुरता लक्षात ठेवायला हरकत नाही.

०.२ अंश ऐकायला किरकोळ वाटतं. ४ टक्के घट झाली तर पाऊण-एक अंशाचा फरक पडतो, आणि तो ३७ वर नाही, ३९ वर पडतो. प्रशिक्षित माणसंही आतलं तापमान ४० अंशांच्या आसपास गेलं की बहुधा आपोआप थांबतात. ३९ वरून ४० ला जाणं म्हणजे चालू राहणं आणि थांबणं यांतलं अंतर.

शिवाय उष्णता आणि डिहायड्रेशन एकत्र आले की नुसती बेरीज होत नाही. १९९७ च्या एका प्रयोगात आतलं तापमान १ अंशाने वाढवल्यावर दर ठोक्याचं रक्त सुमारे ८ टक्के घटलं. ४ टक्के पाणी घटवून तापमान मात्र काबूत ठेवलं तेव्हा ७ टक्के. दोन्ही एकत्र आल्यावर २० टक्के. म्हणून थंड हवेत २-३ टक्के पाणी गमावून कुणी आरामात धावतो, आणि त्याच अनुभवाच्या भरवशावर उन्हात उतरला की फसतो.

इतकं सांगून झाल्यावर उलटी बाजूही तेवढ्याच ठामपणे सांगायला हवी. तापमान किती चढेल हे ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट पाणी नाही. ती म्हणजे वेग. उष्णता तुम्ही किती जोरात काम करता त्यावर तयार होते. पाणी फक्त ती बाहेर टाकण्याची सोय शाबूत ठेवतं. पूर्ण पाणी प्यायलेला माणूसही उन्हात जोर लावून धावला तर उष्माघाताने पडू शकतो, आणि तोही पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात, जेव्हा फारसं पाणी गेलेलं नसतं. ‘मी भरपूर पाणी प्यायलोय, मला काही होणार नाही’ हा समज मला कमी पाणी पिण्याइतकाच धोकादायक वाटतो.

दमट हवेत तर पाण्याचा उपयोग आणखी मर्यादित होतो. जमिनीवर टपकलेला घाम उष्णता नेत नाही, सुकलेलाच नेतो. हवेत बाष्प भरलेलं असलं की त्वचेवरून घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. अशा हवेत घाम जास्त आला तरी गारवा वाढणार नाही. पाणी वाया आणि मीठही वाया. कोरड्या ३८ अंशांपेक्षा दमट ३१ अंश जास्त वाईट ठरू शकतात. म्हणूनच शर्यतींचे आणि सैनिकी प्रशिक्षणाचे नियम साध्या तापमानावर न बांधता डब्ल्यूबीजीटी (WBGT) नावाच्या मिश्र आकड्यावर बांधलेले असतात. त्या सूत्रात ओल्या फडक्याने झाकलेल्या तापमापकाच्या आकड्याला ७० टक्के वजन आहे, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि साध्या सावलीतल्या तापमानाला फक्त १० टक्के. हवामानाचं अॅप बघताना तापमानाआधी आर्द्रता बघायची सवय लावावी, ती यासाठी. दमट दिवशी बाटली मोठी करू नका, वेग कमी करा.

आपला घाम मोजणं

‘तासाला अमुक लिटर पाणी प्या’ असं सरसकट सांगणाऱ्या सल्ल्यांवर माझा विश्वास नाही. घामाचा वेग तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत काहीही असू शकतो, आणि काही जण त्याच्याही पलीकडे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिक मॅरेथॉनच्या तयारीत अमेरिकी धावपटू अल्बर्टो सालाझार याचा घाम तासाला ३.७ लिटर मोजला गेला होता. इतका घाम पिऊन भरून काढणं कुणाच्याही पोटाला शक्य नाही. दुसऱ्याचा आकडा वापरण्यापेक्षा आपला काढावा, वजनकाटा पुरतो.

काटा निदान १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. अर्ध्या किलोच्या टप्प्याने सरकणारा निरुपयोगी. व्यायामाआधी लघवी करून, कपडे काढून वजन घ्यायचं. बाटलीचं वजन वेगळं घ्यायचं, कारण ‘साधारण अर्धी प्यायलो’ हा अंदाज नेहमी चुकतो. मग ज्या हवेत आणि ज्या वेगाने नेहमी व्यायाम करता त्याच हवेत, त्याच वेगाने ६० मिनिटं. मधे लघवीला जाऊ नये. गेलात तर त्या दिवशीचं माप सोडून द्या. परत आल्यावर टॉवेलने अंग आणि केस नीट पुसून, कपडे काढून पुन्हा वजन. कपडे अंगावर ठेवून वजन करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. घामाने भिजलेला शर्ट, चड्डी आणि मोजे मिळून काही शे ग्रॅम धरून ठेवतात, आणि तेवढी घट लपते.

वजनातली घट किलोंमध्ये, अधिक प्यायलेलं पाणी लिटरमध्ये, भागिले तास. समजा, आधी ६४.८ किलो, नंतर ६३.६, मधे ५०० मिलिलिटर पाणी. घट १.२, अधिक ०.५, म्हणजे घामाचा वेग तासाला १.७ लिटर. श्वासावाटे आणि इंधन जळण्यातही थोडं वजन जातं, पण एका तासाच्या मापात ते सोडून द्यायला हरकत नाही. चार-पाच तासांच्या व्यायामात मात्र सगळी घट पाण्याची धरू नका. एकाच मापावर विसंबूही नका. वेगवेगळ्या हवेत तीन-चार मापं घ्या आणि प्रत्येकासमोर तापमान, आर्द्रता, वेग लिहून ठेवा.

आता हा आकडा वापरायचा कसा? वर सांगितलेल्या माणसाला उन्हात दोन तास धावायचंय. घाम जाईल ३.४ लिटर. वजनाच्या २ टक्क्यांपर्यंतची घट चालवून घ्यायची असं ठरवलं, तर त्याची सूट १.३ लिटर. उरलेलं २.१ लिटर प्यावं लागेल, म्हणजे तासाला १ लिटरहून किंचित जास्त, दर वीस मिनिटांनी ३५० मिलिलिटर. कागदावर जमतं. पण धावताना पोट तासाला फार तर १ ते १.२ लिटर पुढे ढकलतं, आणि वेग जास्त असला किंवा डिहायड्रेशन आधीच सुरू झालेलं असलं तर त्याहूनही कमी. म्हणजे हा माणूस अगदी काठावर आहे. त्याच्यापुढे दोनच खरे मार्ग आहेत: वेग कमी करून घामच कमी करणं, किंवा सराव करताना हळूहळू पिण्याचं प्रमाण वाढवत पोटाला सवय लावणं. शर्यतीच्या दिवशी एकदम लिटरभर प्यायला गेलात तर पाणी पोटात डचमळेल, मळमळेल आणि उलटी झाली तर होतं तेही जाईल.

उशिरा सुरू केलं तर भरपाई होत नाही, हे यातूनच निघतं. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच घोट घोट सुरुवात करावी, पोट अजून शांत असताना.

आता ५५ किलोची, तासाला ०.६ लिटर घाम येणारी व्यक्ती घ्या. दोन तासांत तिचा १.२ लिटर घाम जाईल. तिची २ टक्क्यांची सूटच १.१ लिटर आहे. तिने तहानेप्रमाणे दोन-चार घोट घेतले तरी भागतं. याच व्यक्तीने मघाच्या माणसाचा तासाला लिटरचा आकडा उचलला तर दोन तासांत तिचं वजन ८०० ग्रॅमने वाढेल. व्यायामानंतर वजन वाढलेलं दिसणं ही धोक्याची खूण आहे. व्यायाम चालू असताना मूत्रपिंडं नेहमीच्या वेगाने पाणी बाहेर टाकत नाहीत, जादा पाणी रक्तात साठतं आणि सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहून खाली गेलेलं आढळलं, आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध धावताना वजन वाढण्याशी होता. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, गोंधळणं, झटके: यातली काही लक्षणं डिहायड्रेशनसारखीच दिसतात, आणि मग लोक त्या माणसाला आणखी पाणी पाजतात. हे जिवावर बेततं.

तहानेचं काय? तासाभराच्या आतला व्यायाम असेल तर तहान पुरते, आकडेमोडीची गरज नाही. दीड तासाच्या पुढे, उन्हात आणि घामाचा वेग जास्त असेल तर तहान मागे पडते. ती जागी होते तोवर वजन १ ते २ टक्क्यांनी घटलेलं असतं आणि दोन घोट घेतले की घसा ओला होऊन ती लगेच शमते, रक्त भरून निघण्याच्या कितीतरी आधी.

व्यायामाच्या चारेक तास आधी वजनाच्या किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर पाणी प्यावं; ६५ किलोंना सव्वातीनशे ते साडेचारशे मिलिलिटर. दोन तास आधीही लघवी गडद पिवळी असेल तर किलोमागे आणखी ३ ते ५ मिलिलिटर. निघण्यापूर्वी दोन लिटर ढोसण्याने काही साठत नाही. ते वाटेतल्या झुडपांना मिळतं. सकाळी उठल्यावर तीन खुणा बघा: वजन नेहमीपेक्षा १ टक्क्याहून जास्त घटलंय का, लघवी गडद आहे का, तहान लागलीये का. तिन्हींपैकी दोन खुणा जुळल्या तर कालची तूट आज सोबत घेऊन निघताय असं समजा. सलग उन्हात सराव करणाऱ्यांचं नुकसान बहुतेक वेळा याच साठत गेलेल्या तुटीने होतं.

दीड तासाच्या वरच्या व्यायामाला साधं पाणी अपुरं पडतं. लिटरमागे पाव चहाचा चमचा मीठ, म्हणजे साधारण दीड ग्रॅम, आणि ६० ग्रॅम साखर हे प्रमाण चांगलं. त्यात सुमारे ०.६ ग्रॅम सोडियम आणि ६ टक्के साखर येते. साखर ८ टक्क्यांच्या वर नेली की पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो. फळांचा रस तसाच प्यायला तर तो १०-१२ टक्क्यांवर असतो आणि पोटात रेंगाळतो. मिठाच्या गोळ्या पाण्याशिवाय गिळू नयेत. त्या रक्तातलं पाणी आतड्यात ओढतात, म्हणजे हव्या त्याच्या उलट. जुलाबावर दिली जाणारी क्षार-संजीवनी याहून बरीच खारट, लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियमची असते. घामाने खूप तूट आलेल्याला व्यायामानंतर ती उपयोगी पडते, पण धावताना बहुतेकांना ती नकोशी वाटते. नकोशी वाटणारी गोष्ट माणूस कमी पितो, म्हणून चव हा इथे गौण मुद्दा नाही. पाणी १० ते १५ अंशांचं असलं की लोक जास्त पितात, हेही तितकंच खरं.

बर्फाच्या चुऱ्याचं वेगळं आहे. बर्फ वितळताना किलोमागे ८० किलोकॅलरी घेतो. अर्धा किलो बर्फाचा बारीक चुरा व्यायामाआधी अर्ध्या तासात सावकाश खाल्ला तर हिशेबाने जवळपास १ अंशाची सवलत मिळते. प्रत्यक्षात ती थोडी कमी भरते, पण सुरुवातच खालच्या तापमानावरून होते. भरभर खाल्ला तर कपाळात कळ येते आणि पोट आखडतं. डोक्यावर पाणी ओतण्याचा फायदा हवा कोरडी असेल तर चांगला होतो, कारण ते पाणी घामाचं काम करतं. मात्र त्याने रक्त भरून निघत नाही. म्हणून बाटलीत पाणी थोडंच उरलं असेल तर ते आधी प्या.

व्यायामानंतर गमावलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, चार-सहा तासांत विभागून आणि खारट काहीतरी खात प्यावं. नुसतं पाणी भराभर प्यायल्याने रक्त एकदम पातळ होतं, तहान मिटते आणि बरंचसं पाणी लघवीवाटे निघून जातं, तूट तशीच राहते.

व्यायाम चालू असताना सोबतची सगळ्यात चांगली खूण म्हणजे ठोके. सपाट रस्त्यावर वेग तोच ठेवून पंधराव्या मिनिटाचे आणि साठाव्या मिनिटाचे ठोके बघा. उन्हात १०-१५ ची वाढ सगळ्यांचीच होते. काही उष्णतेमुळे, काही पाण्याच्या तुटीमुळे. त्याहून जास्त चढत असतील तर घड्याळातल्या वेगाचा हट्ट सोडा, ठोक्यांची मर्यादा ठरवा आणि वेगाला तिच्याप्रमाणे खाली येऊ द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडांचा आजार असेल, लघवी वाढवणारी औषधं चालू असतील, तर वरचे पाण्या-मिठाचे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

कुणी कोसळलं तर

उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागला, चिडला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघातच आहे असं धरून चाला. त्वचा कोरडी पडण्याची वाट बघू नका. व्यायामातल्या उष्माघातात माणूस बहुधा घामाने चिंब असतो. कपाळावर, कानात, काखेत किंवा तोंडात लावलेला तापमापक अशा वेळी खोटा दिलासा देतो. खरा आकडा गुदद्वारातूनच मिळतो, आणि तो घेणारं कुणी नसेल तर आकड्यासाठी थांबू नये. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत थंड करणं सुरू झालेलं हवं. आधी थंड करणं, मग हलवणं. टबात बर्फ घातलेलं पाणी, त्यात माणूस गळ्यापर्यंत, डोकं कुणीतरी धरून ठेवलेलं आणि पाणी सतत ढवळत ठेवलेलं, कारण स्थिर पाण्यात अंगाभोवती कोमट थर जमतो. असं केल्यास तापमान साधारण दर पाच मिनिटांना १ अंश उतरतं. ३९ अंशांच्या खाली आलं की बाहेर काढायचं. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल डोक्यावर आणि अंगभर, दर दोन-तीन मिनिटांनी बदलत. शुद्ध हरपलेल्या किंवा गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि त्या क्षणी त्याला पाण्याच्या घोटाची नाही, थंडाव्याची गरज असते.

अमेरिकेतल्या फॅल्मथ इथल्या ११ किलोमीटरच्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ रुग्णांना जागच्या जागी थंड पाण्यात बुडवून उपचार केले गेले. त्यातला एकही दगावला नाही. ११ किलोमीटर हे अंतरही लक्षात घ्या. एवढ्या वेळात फारसं पाणी गेलेलं नसतं. माणसं पडली ती वेगामुळे आणि हवेमुळे.

उन्हाची सवय होण्याबद्दल एक गैरसमज हटत नाही: सवय झाली की पाणी कमी लागतं. घडतं उलट. १० ते १४ दिवस रोज तासभर उन्हात हलका व्यायाम केला की पहिल्या काही दिवसांत प्लाझ्मा वाढतो, ठोके खाली येतात, घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. आतलं तापमान खाली राहतं ते या जास्तीच्या घामामुळेच, आणि त्या घामाला पाणी लागतं. सवय झालेला माणूस पाण्याविना राहिला तर ही सगळी कमाई बरीचशी वाहून जाते. ३-४ टक्के घट झाली की त्याचं तापमान सवय नसलेल्या माणसासारखंच चढू लागतं. पाणी न पिता सराव करून ‘शरीर कणखर’ करण्याची पद्धत काही ठिकाणी अजून चालते, तिने सवय लागत नाही, फक्त तूट साठते. पहिल्या आठवड्यात काढलेला घामाचा आकडा चौदाव्या दिवशी जुना झालेला असतो. तेव्हा पुन्हा काट्यावर उभे राहा, त्याच वेगाने, तशाच हवेत, आणि बाटली नव्या आकड्याप्रमाणे भरा.